लूट: एका शब्दाची उकल

‘लूट’ या शब्दाबद्दल एक गोष्ट हल्ली बऱ्याच जणांच्या कानावर असते. इंग्रजीतला ‘लूट’ हा शब्द आपल्याकडून गेला, आणि इंग्रजांनी आपल्याकडून उचललेल्या अगदी पहिल्या शब्दांपैकी तो एक. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. कालिकत बंदरावरून नाव पडलेलं ‘कॅलिको’ कापड इंग्रजीत सोळाव्या शतकातच पोचलं होतं. ‘लूट’ तिथे पोचला त्यानंतर दोनशे वर्षांनी. पण या शब्दाचं महत्त्व तो कितव्या नंबरवर गेला यावर ठरत नाही. तो कुठून आला, मराठीत त्याचे किती अर्थ आहेत आणि इंग्रजांनी त्यातला कोणता उचलला, हे नीट पाहण्यासारखं आहे.

आधी मराठीत काय आहे ते बघू. ‘लूट’ हे क्रियेचं नाव आहे आणि मालाचंही. ‘गावाची लूट झाली’ म्हणजे लुटण्याची घटना, आणि ‘लूट वाटून घेतली’ म्हणजे हाती आलेला ऐवज. निव्वळ मालच सांगायचा तर आपण ‘लुटीचा माल’ म्हणतो, पोलीस आणि वार्ताहर ‘मुद्देमाल’ म्हणतात. दुकानदाराने जास्त पैसे लावले तरी आपण ‘लूट आहे नुसती’ म्हणतो. इथवर सगळे अर्थ हिसकावण्याचे झाले.

पण मराठीत हा शब्द उलट दिशेनेही चालतो, आणि मला त्याचं सर्वात जास्त अप्रूप आहे ते यासाठीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात. इथे लुटणारी देणारी असते. ‘यंदा काय लुटलंस गं?’ याचा अर्थ ‘काय वाटलंस?’ लहान मुलाचं बोरन्हाण करताना त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, ऊस, हलवा ओततात आणि जमलेली पोरं ती लुटतात. दसऱ्याला सोनं लुटायचं आणि मग तेच मोठ्यांच्या हातात देऊन पाया पडायचं. कोल्हापुरात दसरा चौकात शमीपूजन झालं की सोनं लुटायला झुंबड उडते. आपट्याच्या पानांना सोनं का म्हणायचं, याची कथा रघुराजा आणि कौत्साची आहे. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या, कुबेराने त्याहून कितीतरी जास्त पाडल्या, कौत्साने मोजून चौदा कोटी घेतल्या. उरलेल्या ना राजा ठेवून घेईना ना कौत्स, म्हणून त्या अयोध्येच्या लोकांना लुटू दिल्या. पहिला भाग कालिदासाच्या ‘रघुवंशा’त आहे, लुटीचा भाग लोककथेने जोडला. या लुटीत कोणाचंच काही गेलेलं नाही.

शिवाय मजा लुटतात, आनंद लुटतात. क्रीडाप्रतिनिधी ‘पदकांची लयलूट’ लिहितात. या सगळ्यांत समान काय आहे, तर भरमसाट असणं आणि ते मोजमाप न करता हाती येणं. चोरीत लपवाछपवी असते. लूट उघड्यावर होते, भरभरून होते. शब्दाचा गाभा तिथे आहे असं मला वाटतं. माल कोणाचा होता हा प्रश्न प्रसंगाप्रमाणे बदलतो.

आता व्युत्पत्ती. इथे जरा सावकाश जाऊ.

जुन्या संस्कृतात चोरलेल्या मालासाठी ‘लोप्त्र’ असा शब्द आहे. अमरकोशात चोरीचे शब्द सांगून झाल्यावर चोरीच्या धनासाठी ‘लोप्त्र’ दिला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत चोर कसा ओळखावा ते सांगणारी ओळ आहे: ‘ग्राहकैर्गृह्यते चौरो लोप्त्रेणाथ पदेन वा’. म्हणजे पकडणाऱ्यांनी चोर धरावा तो त्याच्याजवळच्या चोरीच्या मालावरून किंवा पावलांच्या मागावरून. ‘लोप्त्र’ निघतो ‘लुप्’ धातूपासून. तोच धातू ‘लोप’ आणि ‘लुप्त’मध्ये आहे. धातूचा मूळ अर्थ तोडणं, हिसकणं. व्याकरणात अक्षर नाहीसं होतं त्यालाही पाणिनी ‘लोप’च म्हणतो.

मग ‘लोप्त्र’वरून ‘लूट’ झालं, असं म्हणायला काय हरकत? अर्थ चपखल बसतो, अक्षरंही जवळची वाटतात. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी तसंच मानलं. १८८६ साली युल आणि बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजीत रुळलेल्या शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश काढला, त्यात ‘लूट’ची व्युत्पत्ती ‘लोप्त्र’ अशीच आहे.

अडचण ‘ट’ची आहे. संस्कृतातले जोडाक्षरी शब्द प्राकृतातून मराठीत येताना बऱ्यापैकी नियमाने बदलतात. सप्त, सत्त, सात. रात्रि, रत्ति, रात. अशा ‘त’च्या जोडाक्षराचा शेवट ‘त’मध्येच होतो, आणि आधीचा स्वर लांबतो. या वाटेने ‘लोप्त्र’ आला असता तर आज आपण ‘लोत’ म्हणालो असतो. शेवटी ‘ट’ उरतो तो बहुधा मुळात ‘ट’ असेल तिथे: हट्ट म्हणजे बाजार, त्याचा हाट, भट्टचा भाट, पट्टचा पाट. आखूड ‘उ’चा दीर्घ ‘ऊ’ कसा होतो ते दुग्ध, दुद्ध, दूध यात दिसतं. तेव्हा ‘लूट’च्या मागे प्राकृतातलं ‘लुट्ट’सारखं रूप हवं, आणि त्याच्या मागे संस्कृतातला ‘लुण्ट्’ किंवा ‘लुण्ठ्’ हा धातू, ज्याचा अर्थच लुटणं असा आहे. लुटारूला संस्कृतात ‘लुण्टाक’ म्हणतात तो याच धातूवरून. १९०३ साली विल्यम क्रुक यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ची दुसरी आवृत्ती काढली तेव्हा आपली भर चौकटी कंसात घातली. ‘लूट’च्या नोंदीत असाच एक छोटा कंस आहे: त्यापेक्षा ‘लुण्ट्’पासून.

नुसत्या अर्थाच्या ओढीने व्युत्पत्ती ठरवली की ती फसते, ती अशी. ध्वनींचे नियम रटाळ वाटतात, पण खरं-खोटं तेच सांगतात.

‘लोप्त्र’ला मात्र सोडवत नाही, कारण त्याचं दूरचं गोत फार मोठं आहे. ‘लुप्’ धातूचे चुलत भाऊ युरोपीय भाषांत मानले जातात. लुटणं या अर्थाचं इंग्रजी ‘रॉब’ त्यातलंच. आणि झगा या अर्थाचं ‘रोब’सुद्धा! कारण जुन्या जर्मानिक भाषांत त्या शब्दाचा अर्थ होता लुटून आणलेली वस्त्रं. पोर्तुगीजमध्ये कपड्यांना ‘रौपा’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘रोपा’. गोव्यात साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राज्य होतं, तेव्हा हा शब्द तिथल्या कानांना परका नाही. कपड्यांचा आणि लुटीचा संबंध काय? यंत्रमागाच्या आधी विणलेलं कापड ही महागडी चीज होती. पडलेल्या माणसाच्या अंगावरचं काढून घेणं ही लुटीतली पहिली पायरी. लॅटिनमध्ये लुटीच्या मालाला ‘स्पोलियम’ म्हणत, त्याचा मूळ अर्थ सोलून काढलेलं कातडं. इंग्रजीतला ‘प्लंडर’ जर्मनमधून आला, सतराव्या शतकात युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाच्या सुमारास, आणि जर्मनमध्ये तो शब्द होता घरातल्या चिंध्या-चादरी-भांड्याकुंड्यांसाठी. आपलं ‘नागवणे’ याच ओळीत बसतं. ‘शेतकरी नागवला गेला’ असं आपण आजही सहज लिहितो. अंगावरचं वस्त्रही उरलं नाही, हे चित्र त्यात आहे.

मराठीत लुटीसाठी दुसरीकडूनही शब्द आले. अरबीत युद्धात मिळालेल्या मालाला ‘गनीमत’ म्हणतात, आणि इस्लामी कायद्यात त्याचा पाचवा हिस्सा राज्याकडे जमा करण्याचा नियम होता. त्याच धातूवरून ‘गनीम’, म्हणजे लूट करणारा, म्हणून शत्रू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत, मराठे मोगलांना. ‘गनिमी कावा’ आपण इतका आपलासा केला आहे की त्याच्या पोटात लुटीचा माल दडलेला आहे हे ध्यानातही येत नाही.

शिवकाळात लूट, खंडणी आणि चौथ हे तीन शब्द वेगवेगळे होते आणि त्यांतला फरक सगळ्यांना कळत होता. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, दर साल. खंडणी म्हणजे ठरवून मागितलेली एकरकमी रक्कम. ती दिली तर मुलूख सुटतो. लूट ही खंडणी नाकारल्यानंतरची गोष्ट. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर गेले तेव्हा आधी सुभेदार इनायतखान आणि बहिर्जी बोहरा, हाजी सय्यद बेग यांसारख्या बड्या सावकारांकडे खंडणीचा निरोप गेला होता. उत्तर आलं नाही, मग शहर लुटलं गेलं. १६७० च्या ऑक्टोबरात दुसऱ्यांदा. पहिल्या लुटीतून कॅपुचिन पंथाच्या पाद्र्यांचा मठ वगळला गेला, हे परदेशी लोकांनी लिहून ठेवलं आहे.

त्या लुटीला हिशेब होता. सभासदाच्या बखरीत सैन्याचे नियम दिले आहेत: मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळ काय आहे त्याची नोंद, परतल्यावर झडती, आणि आणलेला ऐवज सरकारात जमा. बायकापोरं, गाई, ब्राह्मण, शेतकरी यांना हात लावायचा नाही. आपल्या मुलखातल्या रयतेबाबत तर १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना महाराजांनी लिहिलं की रयतेच्या भाजीच्या देठालाही मन होऊ देऊ नका. याचा अर्थ सुरतेत कोणाला दुःख झालं नाही असा नाही. ज्याचं दुकान फोडलं त्याला खंडणी आणि लूट यांतला फरक ऐकून काय मिळणार? पण राज्य चालवणाऱ्याला लूट म्हणजे काय आणि काय नाही हे ठरवावं लागतं, आणि ते तेव्हा नीट ठरवलेलं होतं.

आता शब्द विलायतेला कसा गेला. १७८८ साली लंडनमध्ये स्टॉकडेल या प्रकाशकाने हिंदुस्थानच्या कारभारातल्या शब्दांचा एक छोटा कोश छापला. त्यात ‘लूट’ आहे, अर्थासकट. हा कोश त्याच वर्षी का निघाला? कारण फेब्रुवारी १७८८ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग सुरू झाला. बंगालच्या माजी गव्हर्नर जनरलवर अवधच्या बेगमांची संपत्ती बळकावल्यासारखे आरोप होते, आणि रोजच्या सुनावणीत परगणा, दिवाण, नजराणा असे शब्द येत. लोकांना ते समजावेत म्हणून शब्दांची यादी, आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच महाभियोगाची पद्धत. लुटीचा आरोप ज्या वर्षी इंग्रज अधिकाऱ्यावर ठेवला गेला, त्या वर्षी तो शब्द लंडनच्या छापखान्यात पोचला. हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला.

तरी तेव्हा तो शब्द हिंदुस्थानात राहून आलेल्या साहेबांच्या तोंडीच होता. सर्वसामान्य इंग्रजीत तो मुरला पुढच्या युद्धांत: १८४० च्या सुमाराचं चीनचं युद्ध, क्रिमिया, आणि मग १८५७-५८. शिपायांची पत्रं आणि वर्तमानपत्रं यांतून तो घरोघर गेला. १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि नंतर जाळला. तिथे सापडलेली एक पेकिंगीज जातीची कुत्री कॅप्टन डन याने व्हिक्टोरिया राणीला भेट दिली. तिचं नाव ठेवलं ‘लूटी’. राजघराण्याच्या पाळीव कुत्रीला हे नाव उघडपणे ठेवता आलं, त्याची कोणाला लाज वाटली नाही, यावरून शब्द तोवर किती सैल आणि खेळकर झाला होता ते कळतं. वाण लुटण्याचा आनंद काही त्यांनी नेला नाही. नेला तो हिसकावण्याचा अर्थ, आणि त्यावर कौतुकाचा मुलामा चढवला.

पण ही बोलीभाषा झाली. कागदावर इंग्रज फौज लुटीला लूट म्हणत नसे. त्यांचा सरकारी शब्द होता ‘प्राइझ’, जमिनीवरच्या युद्धातल्या मालासाठी ‘बूटी’. ‘बूटी’चा जुन्या जर्मनमधला अर्थ वाटणी, अदलाबदल. त्यासाठी ‘प्राइझ एजंट’ नेमत, माल गोळा करून लिलाव करत, आणि हुद्द्यानुसार सेनापतीपासून शिपायापर्यंत हिस्से पडत. शिपायाने परस्पर उचललं तर गुन्हा. तेच खजिन्यातून वाटून मिळालं तर हक्क.

आपल्या इतिहासात याचं सर्वात मोठं उदाहरण ‘डेक्कन प्राइझ’. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली आणि दुसऱ्या बाजीरावांची, त्यांच्या माणसांची संपत्ती हाती आली. तिच्या वाटणीवरून इंग्रज सेनापतींतच वर्षानुवर्षं वाद चालला. विश्वस्तांत नेपोलियनला हरवणारा खुद्द वेलिंग्टन होता. नाशिकचा हिरा याच खात्यात गेला. तो पूर्वी त्र्यंबकेश्वराच्या देवळात होता असं सांगतात. लंडनला गेला तेव्हा सुमारे ९० कॅरटचा होता, पुन्हा पुन्हा पैलू पाडून आज ४३.३८ कॅरटचा उरला आहे.

त्याच वेळचं दुसरं प्रकरण मला अधिक बोलकं वाटतं. रायगडाचे किल्लेदार नारो गोविंद औटी यांची पुण्यातली संपत्ती इंग्रजांनी जप्त केली. ती खासगी होती, लढाई तर संपली होती, असं म्हणून त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याच्यावर मुंबईत दावा लावला, आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला! पण १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे शेवटच्या अपिलाच्या कोर्टाने, निकाल फिरवला. जप्ती युद्धातली आहे, युद्धातल्या जप्तीवर दिवाणी न्यायालयाला बोलताच येत नाही, असं ठरलं. माल कोणाचा होता या प्रश्नात कोर्ट शिरलंच नाही. जप्तीला युद्धातलं म्हटलं, तिथेच दावा संपला.

१८५८ मध्ये चित्रकूटजवळच्या कर्वीला हेच झालं. तिथे अमृतराव पेशव्यांच्या वंशातले नारायणराव आणि माधवराव राहत होते. इंग्रज सेनापती व्हिटलॉकच्या फौजेने त्यांची प्रचंड दौलत ताब्यात घेतली. मग ही बूटी फक्त व्हिटलॉकच्या फौजेची, की आसपास लढणाऱ्या इतरांचीही, असा खटला विलायतेच्या आरमारी न्यायालयात चालला आणि १८६६ मध्ये निकाल लागला. त्या लांबलचक निकालात लुटणाऱ्यांच्या हक्कांचा कीस पाडलेला आहे. ज्यांची लूट झाली ते त्या खटल्यात पक्षकारच नव्हते.

१८५८ मध्येच झाशीत काय झालं ते पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी प्रत्यक्ष पाहिलं. त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये ती लूट दिवसागणिक लिहिली आहे: आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, कापडचोपड, धान्य. तिथे तिला दुसरं कुठलं नाव नाही. घर ज्याचं फुटतं त्याच्या भाषेत ती नेहमी लूटच असते. सगळे सुबक शब्द नेणाऱ्यांनी घडवलेले आहेत, हे मला या साऱ्या कागदांमधून पुन्हा पुन्हा दिसतं.

आजच्या कायद्याच्या मराठी पाठात ‘लूट’ नावाचं कलम शोधाल तर सापडणार नाही. भारतीय न्याय संहितेत चोरी आहे, जबरी चोरी आहे, आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली तर तो दरोडा. चोरीच्या मालासाठी वेगळं कलम आहे. खंडणी हा एके काळचा राजकारणातला शब्द आता गुन्ह्याच्या बातम्यांत गेला. आणि याज्ञवल्क्याची ओळ कायद्यात अजून जिवंत आहे म्हणा ना: चोरीनंतर थोड्याच काळात चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा देता येत नाही, तो एकतर चोर असावा किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा, असं गृहीत धरायची मुभा न्यायालयाला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ती ११४ व्या कलमात होती, नव्या साक्ष्य अधिनियमात ११९ व्या.

युद्धातल्या लुटीवर बंदी आली ती उशिरा. १८९९ च्या आणि पुन्हा १९०७ च्या हेग इथल्या आंतरराष्ट्रीय युद्धनियमांनी गाव हल्ला करून जिंकलं असलं तरी ते लुटायला मनाई केली. त्याआधी नेलेल्या वस्तूंना तो नियम लागू होत नाही. म्हणून त्या परत येतात त्या वेगळ्याच वाटांनी. सातारच्या संग्रहालयात २०२४ मध्ये आलेली वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तीन वर्षांसाठी उसनी दिलेली आहेत. सातारचा रेसिडेंट ग्रँट डफ याला ती भेट मिळाल्याची तिकडची नोंद आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती लुटीत गेली असावी किंवा कोणा इंग्रजाला भेट दिली असावी, अशा दोन शक्यता सांगितल्या गेल्या. महाराष्ट्र शासनाने बोली लावली आणि तलवार मुंबईला आली. बातम्यांत ती ‘परत आणली’ असं छापून आलं. व्यवहाराच्या कागदावर मात्र ती विकत घेतलेली आहे.